बापूंचं शेड्यूल

सायखेड्यात कुणाला चढ दाखवायचा म्हटलं तर गोदावरीचा पूल दाखवावा लागतो. बाकी शिवार ताटासारखं सपाट. द्राक्षं, कांदा, ऊस, मधेच एखादी कांदाचाळ. अशा गावात आमच्या शेजारच्या बापूंनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी डोंगरात चालवायची सायकल आणली. गावाने आधी किंमत विचारली, मग डोंगर कुठाय ते विचारलं. बापूंनी किंमत निम्मी सांगितली आणि डोंगर अंजनेरीचा सांगितला.

बापू पक्के द्राक्षवाले, आणि द्राक्षवाल्याला तयारीवाचून शिंकतासुद्धा येत नाही. यात त्याचा दोष नाही, पिकाचा आहे. कांदेवाला लागवड करतो, आभाळाकडे बघतो, मग लासलगावच्या भावाकडे बघतो. द्राक्षवाल्याला ती चैन नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी आणि मग माल गाडीत भरेपर्यंत रोज काहीतरी. पोंग्यात एक औषध, फुलोऱ्यात दुसरं, जीएचं डीप, विरळणी. डाऊनी नाही आली तर भुरी. वेळ मोजायची तीही छाटणीपासून. बापूंना तारीख विचारा, ते 'बागेचा अठ्ठेचाळिसावा' म्हणून सांगतील. प्रत्येक फवारणी वहीत. अशा एकोणीस वह्या फडताळात आहेत. विसावी सायकलीची.

तिच्या पहिल्या पानावर लाल शाईत 'श्री', खाली 'अंजनेरी', आणि खाली 'दिवस 1 : सायकल घरी आली'. पुढे शेड्यूल. दहाव्या दिवशी हेल्मेट, पंधराव्या दिवशी हातमोजे, विसाव्या दिवशी पंक्चरचा सराव. हेल्मेट आलं तेव्हा गावात बरीच चर्चा झाली, कारण आमच्याकडे मोटारसायकलवरसुद्धा ते हँडलला अडकवायची रीत आहे. चोविसाव्या दिवशी गादी शिवलेली चड्डी आली. तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, शिवण घासून मांड्या सोलतात, हे बापूंनी मला ओट्यावर हळू आवाजात सांगितलं. बापूंचा हळू आवाज दूध संकलन केंद्रापर्यंत जातो. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेली पोरं त्यांच्या धोतराकडे वेगळ्याच आदराने बघत होती.

रोज सकाळी हवा मोजायची. "गुरुजी, डांबरावर टायर कडक पाहिजे, खडकावर मऊ. पंचवीस ते तीस पीएसआय. मऊ टायर दगडाला धरून चालतं. पण फार मऊ ठेवलं की रिम दगडावर आपटते आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं. सापाचे दात लागल्यासारखी." हे सगळं खरं आहे. फक्त गेज लावताना दरवेळी थोडी हवा फुस्स होते, मग पंप मारायचा, मग पुन्हा मोजायची. सायकलीपायी बापूंना रोज जो काही व्यायाम घडला, तो एवढाच.

अंजनेरीचा गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास. त्र्यंबक रोडवर नाशिकच्या पुढे. गावातून पायऱ्यांपर्यंत चढाचा रस्ता आहे, बापूंना तेवढाच करायचा होता. मारुतीचा जन्म तिथला मानतात. बापूंच्या बायकोने, माईंनी, एकदा ताक घुसळताना विचारलं, "त्या मारुतीनं तिथंच जन्मल्या जन्मल्या सूर्याकडं उडी मारली म्हणे. आधी चड्डी बघायला नाशिकला गेला होता का?"

बापूंपाशी याला उत्तर होतं. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने पुरी केली. सुमारे 4,800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. आकडे बापूंना तोंडपाठ, पण त्यातून निघणारा अर्थ त्यांचा स्वतःचा. "नऊ दिवस चालवली, ते सगळ्यांना दिसलं. त्याआधी किती दिवस चालवली नसेल!"

हसू येतं, पण या माणसाची तयारी मी उपयोगी पडतानाही पाहिली आहे. 2016 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2019 च्या ऑगस्टात गोदावरी गावात शिरली, पुलाच्या खांबांना पाणवेलींचे ढीग अडकले. दोन्ही वेळा नदीवरची मोटार आदल्या दिवशीच वर काढून ठेवणारे बापू होते. लोकांच्या मोटारी गाळात, बापूंची ओसरीवर, वर गोणपाट. तेव्हा कुणी हसलं नाही.

तर अंजनेरी. तिसाव्या दिवशी पाऊस होता. साठाव्या दिवशी छाटणीचे मजूर आले. नव्वदाव्या दिवशी सगळं जमलं होतं, पण शिट्टी राहिली होती. डोंगरात हरवलं तर शिट्टी लागते. सायकल पडवीत, बेदाण्याच्या जुन्या जाळीखाली, चाकाला माती म्हणून नाही.

मग डिसेंबर सरता सरता थंडी पडली. निफाडची थंडी म्हणजे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो ती. मण्यात पाणी भरत असताना असा गारठा आला की मणी तडकतो. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करायच्या, ठिबकने पाणी सोडायचं. थ्री फेज लाईट रात्रीची. दोनच्या सुमाराला गडी ओरडत आला, नदीवरची मोटार पडली. बापूंची मोटारसायकल गारठली होती. बारा किका मारल्या, हूं नाही की चूं नाही.

मी आवाजाने बाहेर आलो. बापूंनी जाळी ओढून फेकली. कानटोपी, धोतराचा काचा, पायात स्लिपर, तोंडात बॅटरी. सायकल निघाली. मी मागे पळत सुटलो. नुकतंच पाणी दिलेले कांद्याचे वाफे चुकवत बांधावरून, चारीत उतरून पलीकडे, उसाच्या कडेने, आणि मग नदीची दरड. दिवसा तिथून शेळीसुद्धा तिरपी उतरते. बापू खोगिरावरून उठले, ढुंगण मागे टाकलं आणि सरळ खाली गेले. अंधारात फक्त बॅटरीचा ठिपका हिसके खात उतरताना दिसला. मग स्टार्टरचा खटका आणि मोटारीची घरघर.

वर येताना सायकल खांद्यावर होती.

सकाळी चहाला गेलो. बागेत धूर रेंगाळत होता, मणी शाबूत होते. बापू ओट्यावर सायकल उलटी टाकून चेनमधला काळा चिखल जुन्या टूथब्रशने खरवडत होते. चेहरा सुतकी. शेजारी विसावी वही उघडी.

"गुरुजी, सगळं पहिल्यापासून आलं," ते म्हणाले. "अंजनेरीला चिखल असतो का हो?"