घरात उजेड घेण्याची सोपी रीत
(देवळाली प्रवरा व आसपासच्या नवशिक्यांसाठी)

साहित्य : सूर्य, खिडकी, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी. पहिला फुकट आहे. तिसरी मिळेपर्यंत पावसाळा लागतो.

आधी खिडकी शोधा. ती आहे हे नक्की, कारण मिस्त्रीने तिचे पैसे घेतलेत. लग्नातलं कपाट, त्यावर बॅग, बॅगेवर गोधड्या. या सगळ्याच्या मागे हात घालून चाचपा. पडदा लागेल. तो सारला की मागच्या निवडणुकीचा फ्लेक्स निघेल. काढताना उमेदवाराचा चेहरा फाटू देऊ नका, पुढे काम पडतं.

मग दक्षिणेला वळा. देवळाली साधारण साडेएकोणीस अंश अक्षांशावर. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य ४७ अंशांच्या आसपासच चढतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून पार कॉटपर्यंत येतो. मे महिन्यात तोच डोक्यावर असतो, तेव्हा छज्जा त्याला बाहेर थोपवतो. थंडीत ऊन, उन्हाळ्यात सावली, आणि वीजबिल शून्य. वास्तुवाल्याने बुजवायला सांगितलेली खिडकी नेमकी हीच.

उजेडाने घरच नाही, मनही सुधारतं. ते का? डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींचं मुख्य काम बघणं नाहीच. दिवस उजाडल्याची वर्दी त्या मेंदूतल्या घड्याळाला देतात. ट्यूबलाइटच्या खोलीत जेमतेम दोन-तीनशे लक्स उजेड, बाहेर भर उन्हात लाखभर. अमेरिकेत नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळी उदासीवर शोधनिबंध लिहिला. तिकडच्या हिवाळ्यात दिवसच आखूड. आपल्याकडे भरपूर दिवस आहे, फक्त तो कपाटामागे आहे.

घर पत्र्याचं असेल तर मधला एक पत्रा फायबरचा टाका, भिंतींना पांढरा चुना द्या. जुन्या माळवदाला साणं असायचं. धूर वर जायचा, उजेड खाली यायचा. स्लॅब टाकताना ते बुजवलं आणि आता दिवसाही बटण दाबून भाजी निवडतो.

वस्तीवर राहत असाल तर वरचं सगळं विसरा. खिडकीसमोर अडसाली ऊस उभा आहे. जुलै-ऑगस्टात लावलेला तो वर्षाच्या आत डोक्यावरून जातो, मग घरात भर दुपारी हिरवा अंधार. शिवाय उसात बिबट्या, म्हणून खिडकीला पत्रा ठोकलेला. इथे उपाय एकच : साखर कारखान्याच्या चिटबॉयला गाठा, चहा पाजा, तोड लवकर लावून घ्या. तोडणीची टोळी आली की दोन दिवसांत घर लख्ख होतं. मूडही सुधारतो, तो उजेडाने की उसाच्या बिलाने, हे बिल येईपर्यंत सांगता येत नाही.

एक सूचना राहिली. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळत नाही, त्यासाठी अंगणात बसावं लागतं. बसलात की शेजारचे तात्या विचारतील, "का रे, बरं नाही का?" सरळ हो म्हणा. नाही म्हणालात तर रिकामा दिसतोय म्हणून शेतात पाण्याची दारं धरायला पाठवतील.