काचघराची मार्गदर्शिका, मे महिना धरून

छत्रपती संभाजीनगरात स्वतःची गच्ची असलेल्या प्रत्येक सुसंस्कृत कुटुंबाकडे एक काचघर असावे, असे हल्ली ठरल्यासारखे आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत ते फार छान दिसते. वेताची खुर्ची, कॉफीचा मग, कोपऱ्यात नेचा आणि काचेबाहेर बर्फ. यापैकी खुर्ची आणि मग निराला बाजारात मिळून जातील. उरलेल्यासाठी हे मार्गदर्शन.

पहिला प्रश्न दिशेचा. इंग्रजी पुस्तके म्हणतात, तोंड दक्षिणेकडे ठेवा. त्यांचे खरे आहे. लंडनचा हिवाळी सूर्य दक्षिणेला खालच्या खाली रेंगाळतो, त्याला घरात बोलावून आणावे लागते. क्यू उद्यानातले पाम हाऊस 1848 साली पूर्ण झाले, तेव्हा उष्ण देशांतली ताडझाडे जगवायला काच पुरली नाही, तळघरात बॉयलर पेटवावे लागले. आपल्याकडे सूर्य बोलावण्याची वाट पाहत नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात शहरात शून्य सावली दिवस येतो, जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा एकदा. मधल्या काळात भरदुपारचा सूर्य चक्क किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे दिशेवरून आर्किटेक्टशी भांडू नये. ऊन छतातून येणार आहे.

आले की ते फरशी तापवते, फरशी हवा तापवते, आणि तापलेल्या हवेला वर जायला वाट नसल्याने ती तिथेच मुक्काम ठोकते. क्रांती चौकात काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हेच घडते. फरक एवढाच की गाडीत कुणी हौसेने कॉफी प्यायला बसत नाही. बाहेर पारा 42 अंशांवर असताना आत किती, हे मोजू नये. त्याने घरात वाद होतात.

यावर कूलर सुचवला जाईल. कूलरला पाणी लागते आणि त्याची दमट हवा बाहेर जायला खिडकी उघडी लागते. खिडकी उघडायचीच, तर ती बंद करण्यासाठी एवढा खर्च का केला, हा प्रश्न वडीलधाऱ्यांकडून येईल. तो ऐकू न आल्यासारखे करावे. पाण्याचे उत्तर मात्र द्यावेच लागते. जायकवाडी धरण पैठणला, म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. म्हणून काचघराच्या नकाशात नेच्याआधी निळा ड्रम दाखवावा. त्यावर मनीप्लांट सोडला की ड्रम लपतो म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांपासून लपतो. सिडको-हडकोतले पाहुणे थेट विचारतात, "किती लिटरचा?"

झाडांविषयी थोडक्यात: नेचे आणि ऑर्किड एप्रिल पाहत नाहीत. कोरड्या, कोंडलेल्या उष्ण हवेत लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण मात्र जोमाने वाढतात, कारण त्यांना धुऊन काढणारा पाऊस आणि खाणारे किडे दोन्ही बाहेरच राहतात. अडेनियम, कोरफड, निवडुंग टिकतील. ती उघड्या गच्चीवरही टिकतात. शेजारी हे लक्षात आणून देतील. गारपिटीचेही भान असावे. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर जी गार पडली, तिने काच टफन्ड आहे का, हे विचारले नसते.

मग उपयोग काय? आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. धूळ नको, कबुतरे नकोत आणि ऊन हवे, अशी मागणी या शहरात दरवर्षी एकच खाते करते: वाळवण. कुरडया, पापड, सांडगे, हळकुंडे यांना काचघरासारखी जागा नाही; फक्त खाली आणि वर झरोके ठेवावेत, म्हणजे दमट हवा निघून जाईल. इटालियन टाइल्सवर सांडगे घालताना घरातल्या तरुण मंडळींचा चेहरा पाहू नये. नोव्हेंबर ते जानेवारी सकाळी नऊपर्यंत कॉफीही पिता येईल.

बसायलाच गार जागा हवी असेल, तर पाणचक्कीला जाऊन यावे. अठराव्या शतकातल्या त्या कारागिरांनी हौदाच्या तळालाच खालच्या दालनाचे छत केले. डोक्यावर पाणी, खाली गारवा. काच कुठेही नाही. आणि झाडे जगवायची असतील, तर शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या बियाणे उत्पादकांकडे पाहावे. भर उन्हात मिरची-टोमॅटोचे नाजूक पीक ते ज्याच्याखाली सांभाळतात, ती चार खांबांवर ताणलेली हिरवी जाळी, म्हणजे शेडनेट, असते. वारा आरपार जातो, ऊन चाळून येते, गार पडली तर जाळी फाटते आणि पुन्हा ताणता येते. चित्रात ती काही खास दिसत नाही, हे मान्य.

तरीही काचघरच हवे असेल, तर ऑर्डर देण्याआधी एकच करावे: मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्याच जागी खुर्ची टाकून अर्धा तास बसावे, आणि मगच फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कम द्यावी. शेडनेट शेतीच्या दुकानात मीटरवर मिळते. मापाने कापलेली टफन्ड काच कुणी परत घेत नाही.