गोत्रीचे टर्बोकाका

बडोद्याच्या पश्चिमेचे गोत्री हे एके काळचे गाव आता फ्लॅटच्या इमारतींत पुरते बुडाले असून, दांडिया बाजार-रावपुऱ्यातील जुनी घरे सोडून तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत निवृत्त गृहस्थांचा जो वर्ग आढळतो, त्यातील ‘टर्बोकाका’ ही उपजात स्वतंत्र अभ्यासास निश्चितच पात्र आहे. हा गृहस्थ सयाजीराव महाराजांनी 1890 साली स्थापलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षणसंस्थेचा अभिमान बाळगणारा, रिफायनरीत किंवा खतकारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर आयुष्य काढलेला आणि वडिलांच्या 1974 सालच्या प्रीमियर पद्मिनीचा एकमेव वारस असतो. ती पद्मिनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी असते आणि तिचे चारही टायर हवा जाऊन बसलेले असतात. तिच्यात बसवायच्या ट्विन टर्बो ॲल्युमिनियम एंजिनाची योजना मात्र दिवाळी असो वा उत्तरायण, अखंड धावत असते.

पद्मिनीचे मूळ एंजिन 1089 सीसीचे, सुमारे 40 अश्वशक्तीचे आणि ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचे असते. ब्लॉक म्हणजे ज्यात सिलिंडर बसतात तो एंजिनाचा मुख्य सांगाडा. ओतीव लोखंडाची घनता 7 च्या वर आणि ॲल्युमिनियमची अवघी 2.7, एवढ्या भांडवलावर काका गाडीचे वजन घटवून मोकळे होतात. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि म्हणून त्यात बहुधा लोखंडी लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, बसवावी लागते, ही माहिती ऐकणाऱ्याचा चहा संपत आल्यावर दिली जाते.

टर्बोचार्जर हे यंत्र एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर चक्र फिरवते आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते, जेणेकरून अधिक हवेबरोबर अधिक इंधन जळावे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. दोन टर्बो मुख्यतः व्ही आकाराच्या सहा-आठ सिलिंडरांच्या एंजिनास शोभतात, कारण तेथे सिलिंडरांच्या दोन रांगा असतात आणि प्रत्येकीला आपापला टर्बो देता येतो. काकांनी निवडलेल्या चार सिलिंडरांच्या एंजिनाला एकच पुरतो, हे ते मान्य करतात. परंतु एक टर्बो तर हल्ली कोणाच्याही डिझेल गाडीत असतो, हा त्यांचा प्रतिवाद तांत्रिक नसला तरी बिनतोड असतो.

योजनेची जाड बॉक्सफाइल हा या उपजातीचा खरा ठेवा होय. तिच्यातील आलेखकागदावर पहिला टर्बो बॅटरीच्या जागी येतो, दुसरा नेमका स्टीअरिंगच्या दांड्यावर. म्हणून पुढच्या पानावर स्टीअरिंग डावीकडे सरकते, आणि त्याच्या पुढच्या पानावर इंटरकूलर, म्हणजे दाबामुळे तापलेली हवा थंड करणारी जाळी, रेडिएटरपुढे न मावल्याने डिकीत जाते. अश्वशक्ती दरवर्षी वाढते; ब्रेक मात्र मूळचे, चारही चाकांना ड्रमचेच राहतात, आणि हा विषय ‘किरकोळ’ या शीर्षकाखाली नोंदलेला असतो. “अहो, आधी त्या टायरांत हवा तरी भरून आणा,” असे काकू सुचवतात, तेव्हा टायरही बदलायचेच आहेत, त्यांत हवा कशाला, हे उत्तर तयार असते. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील लेथवाला त्यांना कधीच नकार देत नाही. “काका, थई जशे, पण पहेलां एन्जिन तो लावो,” म्हणजे होईल, पण आधी एंजिन तर आणा, असे तो म्हणतो, आणि यातील केवळ पहिला भाग घरापर्यंत पोहोचतो.

खरा पेच शासनाने उभा केला. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नंबरप्लेट मिळू शकते. अट अशी की तिच्या चासीत, बॉडीत किंवा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जानेवारी 2023 मध्ये भरलेल्या जुन्या मोटारींच्या सोहळ्यातील झळाळी डोळ्यांत साठवलेल्या काकांना आपली पद्मिनी वयाने पात्र झाल्याचे ध्यानात आले, आणि लगोलग हेही, की टर्बो बसला तर प्लेट जाते आणि प्लेट घेतली तर टर्बो जातो. सामान्य मनुष्य अशा वेळी एकावर पाणी सोडतो. काका हल्ली दुसरी पद्मिनी शोधत आहेत, जेणेकरून एक नियमाला राहील व एक टर्बोला. तिच्यासाठी शेजारच्या फ्लॅटचे रिकामे पार्किंग त्यांनी फाइलीत आखूनही ठेवले आहे, फक्त सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि काकूंना अद्याप कळवलेले नाही.