काटा शून्यावर हाये का?

आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात दोन गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. एक मृगाचे ढग आणि दुसरा परक्याचा काटा. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बांधावरच्या निंबाला काटा टांगून कापसाची गाठोडी मोजायची, तेव्हा आकडा बाबा वाचत आणि वेचणाऱ्या बायाही वाचत, आणि दोघांचा आकडा जुळला तरच कापूस जुळला. पण तोच कापूस विकायला नेला की तिकडच्या काट्यावर हमखास कमी भरायचा. तेव्हापासून ‘आंधी काटा शून्यावर आनून दाखव’ हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलं. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत अकोल्यात ते सगळ्यांनी ऐकलं आहे. विमानवाल्यांनी ऐकायचं राहिलं होतं.

तशी आमच्या घराला विमानाची गरज कधी पडली नव्हती. मी डोंबिवलीला, आईबाबा अकोल्याला, सासर अमरावतीला. रात्रीच्या गाडीत बसायचं, सकाळी मुंबई. स्लीपरला माणशी चाळीस किलो सामान माफ असतं, आणि तेही कुणी मोजताना मी पाहिलेलं नाही. बाकाखाली जेवढं शिरतं तेवढं आपलं, न शिरलं तर शेजाऱ्याच्या बाकाखाली.

मग 16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. 1850 मीटरची धावपट्टी, नवी कोरी इमारत. अकोल्यात याची जी प्रतिक्रिया उमटली ती इथं छापता येण्यासारखी नाही. कारण अकोल्याची शिवणीची धावपट्टी 1943 सालची. वयानं ती बेलोऱ्याची आजी शोभेल. पण ती पडते आखूड, वाढवायची तर शेजारी कृषी विद्यापीठाची जमीन, आणि त्या कागदांचा प्रवास अजून चालूच आहे. तेव्हा अकोलेकरानं उडायचं तर अमरावतीला जाऊनच. यात अपमान आहे, पण बायकोच्या माहेरचा म्हणून मला गिळावा लागतो.

सुट्टी संपवून परतीची तिकिटं मी विमानाची काढली. माणसं पाच. आम्ही दोघं, थोरला आठ वर्षांचा, मधली पाच वर्षांची आणि धाकटा चौदा महिन्यांचा. फोनवर आईला नियम सांगितला की मोठी बॅग वेगळी जाते, आणि विमानात हातात न्यायची पिशवी माणशी एक, सात किलोची.

“बाळाची किती?”

“बाळाला पिशवी नाही. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर. त्याला सीट नाही.”

“अन् त्याचं वजन कोन धरते?”

“कोणीच नाही.”

आई क्षणभर गप्प झाली. बाळ साडेनऊ किलोचं. साडेनऊ किलो फुकट जाऊ शकतात आणि वाळवणाच्या खारोड्यांचा मात्र हिशेब होतो, हा मुद्दा तिच्या डोक्यात शिरला आणि तिथंच त्याला मोड फुटले.

“म्हंजे दोन पोट्ट्याईचे चौदा किलो,” ती म्हणाली. “त्याईले काय लागते? दोन चड्ड्या. बाकीचं मी पायतो.”

लहान मुलांबरोबर विमानप्रवास करणाऱ्यांना हातसामानाचे सल्ले पुष्कळ मिळतात. खेळणं ठेवा, जादा कपडा ठेवा, खाऊ ठेवा. वऱ्हाडातल्या मुलांबरोबर प्रवास करणाऱ्याची अडचण निराळी आहे. आपल्याकडे मूल हे सामान वाढवणारं नसून सामानाची सोय करणारं असतं. ज्या पोराला तिकीट आहे त्याला सात किलो आहेत, आणि ज्या सात किलोंवर पोराचा हक्क आहे त्यावर आजीचा हक्क आधी.

इथं प्रश्न असा की आज्या दोन. अकोल्याच्या आजीचा भर वजनावर. अकोला म्हणजे डाळ मिलचं गाव, तेव्हा घरची तूरडाळ पाच किलो, ती तर पाहिजेच. (“मुंबईची डाळ शिजते का? दगड असते.”) अमरावतीच्या आजीचा भर वाळवणावर, म्हणजे गव्हाच्या चिकाच्या कुरडया, ज्वारीचे पापड, आणि आमरसाबरोबर खायचे सरगुंडे. आता कुरडईला वजन म्हणून नसतं, पण अर्ध्या किलोला गाठोडं धोब्याच्या गाठोड्याएवढं होतं, वर कुणी कोपर लावलं की भुगा. थोडक्यात, माझी आई किलोचा नियम मोडते आणि बायकोची आई आकाराचा, म्हणजे 55 गुणिले 35 गुणिले 25 सेंटिमीटरचा. एकीला आवरावं तर दुसरी, आणि दोघींना एकमेकींनी काय बांधलं याचं पक्कं ज्ञान.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी माळ्यावरून कापसाचा काटा काढला. स्प्रिंगचा, पितळी तोंडाचा, शंभर किलोपर्यंतचा. अंगणातल्या निंबाला जुना नाडा होताच. त्याला काटा टांगला, आकड्याला थोरल्याची शाळेची पाठपिशवी अडकवली, आणि चष्मा वर करून बाबा काट्याशी नाक लावून उभे राहिले. शंभर किलोच्या काट्यावर सात किलो म्हणजे दोन रेघांच्या मधली एक जागा. मी मोबाईलचा उजेड पाडला, मधलीनं बोटानं रेघ दाखवली, आणि थोरल्यानं संधी साधून झाडाला झोका दिला.

“हालवू नोको बे! आठाच्या वरतं गेला काटा!”

“बाबा, हे कापूस नाही. ग्रॅम लागतात इथं.”

“मंग आठ हाये आन् सात हाये यात काय फरक? कट्टी धरा.”

कट्टी म्हणजे बाजारात ओलाव्याच्या नावाखाली वजनातून जे कापतात ते. बाबांना वाटत होतं की विमानवालेसुद्धा किलोभर इकडेतिकडे सोडत असतील, फक्त उलट बाजूनं. मी पिशवी उघडली. खालून निघाली ती चड्डी एकच. बाकी डाळ, खारोड्या, तिखटाची पुडी, मिरचीच्या लोणच्याची बरणी आणि खोबऱ्याच्या दोन वाट्या.

तिखट आणि लोणचं हातसामानात चालत नाही हे मी सांगितलं. तिखट कुणाच्या डोळ्यांत उडवता येतं म्हणून. हे आईला पटलं, कारण शेजारणीच्या संदर्भात तिनंही तो विचार एकदा केला होता. दोन्ही मोठ्या बॅगेत गेलं. खोबरं मात्र तिथंही चालत नाही म्हटल्यावर ती चिडली. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, कोंडलेल्या जागी ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाल्यांच्या यादीत ते जोखमीच्या मालात आहे, हे मी समजावलं.

“चाळीस वर्सं झाले, डब्यात ठेवून राह्यली मी. अकोल्याचा उन्हाळा. माहा डबा नाई पेटला आजलोक.”

अकोल्याचं मे महिन्याचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलं आहे त्यांनी यावर वाद घालू नये. मी घातला नाही. वाट्या राहिल्या.

“अन् हे?” तिनं जुन्या लुगड्याची बाळोती पुढं केली. मऊसूत, धुऊन धुऊन रंग उडालेली, सहा-सात.

“आई, आता डायपर असतात.”

“असू दे ना. डाळीच्या डब्याभोवती गुंडाळतो, म्हंजे वाजनार नाई.”

अकोला ते अमरावती हा रस्ता विक्रमी आहे. 2022 च्या जूनमध्ये या पट्ट्यात 75 किलोमीटर डांबरी रस्ता सलग 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज बुकात नाव घातलं गेलं. आमच्या आईला पिशव्या भरायला त्याहून थोडासाच कमी वेळ लागला. अमरावतीत पोचल्यावर सासूबाईंनी त्या सगळ्या उघडल्या. आतलं पाहून त्यांनी फक्त “वा, डाळ” एवढंच म्हटलं. त्या ‘वा’मध्ये किती किलो होते ते बाबांच्या काट्यालाही सांगता आलं नसतं. मग डाळीतली दोन किलो त्यांनी ठेवून घेतली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कुरडया.

सकाळी सोडायला अकरा माणसं आली. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं 52 पात्रं उभी केली होती. ते वऱ्हाड लग्नाचं होतं, आमचं मुलखाचं, पण गोंधळाला कुठं कमी नव्हतो. बाबा खास अकोल्याहून पहाटे निघून आले होते. काट्यासाठी नव्हे, नातवंडांसाठी, असं ते म्हणाले. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत हे कळल्यावर ते दारापाशी थांबले, थोरल्याला जवळ ओढून कानात काही बोलले. त्यानं मान हलवली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

काउंटरवरची मुलगी हसरी होती. मोठी बॅग पट्ट्यावर चढली आणि तिनं विचारलं, “यात पॉवर बँक आहे का?” मी अभिमानानं ‘नाही’ म्हणणार, तोच बायको म्हणाली, “आहे.” पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवायची नाही, हातातच ठेवायची. बॅटरीनं पेट घेतला तर माणसांदेखत विझवता आली पाहिजे. बॅग उतरवली, चेन उघडली. पॉवर बँक अर्थातच तळाशी. तिच्यापर्यंत जायचं तर आधी पापड, मग लोणच्याची बरणी, मग सरगुंड्यांचा डबा, मग बायकोच्या दोन साड्या, मग पुन्हा पापड. मागं रांग. रांगेतल्या एका काकांनी सरगुंडे ओळखले आणि “घरचे का?” म्हणून चौकशी केली. बॅग मिटवायला आम्ही तिघं तिच्यावर बसलो.

मग हातपिशव्या मोजायची पाळी. थोरल्यानं आपली पिशवी ठेवली, टाचा उंचावल्या, आणि शाळेत कविता म्हणतात त्या आवाजात विचारलं,

“ताई, काटा शून्यावर हाये का?”

मुलगी थांबली. मला वाटलं, संपलं. तिनं पिशवी उचलली, आकडा शून्यावर येऊ दिला, पोराला दाखवला, आणि पिशवी पुन्हा ठेवली. “माझे आजोबा पण असंच म्हणतात,” ती म्हणाली. कुठल्या गावची ते विचारायचं राहून गेलं.

सहा किलो नऊशे.

बेलोऱ्याहून जातं ते पंख्याचं विमान, एटीआर. त्याचं दार मागच्या बाजूला, त्यालाच चार पायऱ्या. पुढच्या भागात सामान, मागून माणसं. आत एकेका बाजूला दोन-दोन सीट आणि वरचे कप्पे इतके बसके की त्यात घडी केलेला कोट मावावा. आमची चाकांची पिशवी, जिच्यात दुधाची पूड, खेळणी आणि डायपर अशी एकूण एक शहाणपणाची वस्तू होती, ती पायऱ्यांपाशीच अदबीनं काढून घेण्यात आली. “मुंबईला मिळेल, सर.” ठीक आहे, पावणेदोन तासांचा तर प्रश्न.

या वाक्यापुढं ज्यांना मुलं आहेत त्यांना काय झालं ते कळलंच असेल. बाहेर बुलढाण्याच्या बाजूचा डोंगर दिसत असावा, कारण मधली “डोंगर, डोंगर” ओरडत होती, आणि धाकट्याचा चेहरा विचारमग्न झाला. मग लाल झाला. मग शांत. मांडीला ऊब कळली. बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी वर कप्प्याकडं पाहिलं, आणि कप्प्यात असायला हवी ती चाकांची पिशवी पुढं सामानात होती.

माझ्या हातात होती ती थोरल्याची पिशवी. उघडली. डबा. डब्याभोवती लुगड्याची बाळोती.

एटीआरच्या शौचालयात एका प्रौढ माणसाला सरळ उभं राहायला प्रयत्न करावा लागतो. तिथं मी साडेनऊ किलोचं मूल एका हातावर धरून, दुसऱ्या हातानं बाळोतं त्रिकोणी घालायला शिकलो. गाठ सुटायची, विमान हलायचं, मूल हसायचं. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. तिसऱ्या प्रयत्नाला गाठ बसली, ती मुंबईला उतरल्यावर कात्रीनं कापावी लागली.

जागेवर आलो तर खारोड्यांचा डबा उघडा. विमान उतरताना मुलांचे कान दुखतात, तेव्हा काहीतरी चघळायला द्यावं म्हणतात. बायकोनं दोघांना मूठमूठ खारोड्या दिल्या होत्या, शेंगदाण्यासकट. एरवी खारोडीचा आवाज तीन घरं सोडून ऐकू जातो. पण पंख्यांच्या घरघरीत कुणाला कळलं नाही. फक्त लसणाच्या वासानं पुढच्या सीटवरचे गृहस्थ दोनदा वळून बघत होते. तिसऱ्यांदा वळले तेव्हा मधलीनं त्यांच्यापुढं डबा धरला. ते अचलपूरचे निघाले.

घरी पोचून दार उघडतो तोच फोन वाजला. आईचा. बाळ कसं, कान दुखले का, कुरडया मोडल्या का, हे सगळं एका दमात झालं. बाळोत्यांचं मी सांगितलं. ती “हं” एवढंच म्हणाली, पण तो ‘हं’ अजून संपलेला नाही. मग मागून बाबांचा आवाज आला, फोन त्यांनी हिसकून घेतला असावा.

“काटा पायला का पोट्ट्यानं?”

“पाहिला, बाबा. शून्यावर होता.”

“किती भरलं?”

“सहा किलो नऊशे.”

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग बाबांनी फोन दूर धरून आईला सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

“अवं, शंभर ग्रॅम काहून सोडले तू?”