काठ धरून लिहा

बोरगावच्या चहाटपरीवर मत नसलेला माणूस टिकत नाही. कारखान्याची पाळी सुटली, की संत्र्याच्या भावापासून २०२३ साली छिंदवाड्यातून फुटून निघालेल्या आपल्या पांढुर्णा जिल्ह्यापर्यंत सगळ्याचा निकाल लागतो, तोही चहा निवायच्या आत. असल्या गावातली हुशार पोरं आयल्ट्सच्या इंग्रजी निबंधात अडतात कशी, याचं मला नवल वाटे.

भाचीची वही वाचली आणि उलगडलं. ती नर्सिंग शिकलेली, परदेशातल्या नोकरीसाठी तिला आयल्ट्समध्ये सात बँड हवेत. प्रश्न होता: शहरांत खासगी गाड्यांना बंदी असावी का? बाईंनी सुरुवात केली ती चाकाच्या शोधापासून. मग विज्ञान शाप की वरदान, मग वाहनांचे लाभ, मग हानी, आणि शेवटी 'सरकारने योग्य पावले उचलावीत'. बंदी घालावी की नाही, तेही सरकारनंच ठरवायचं! दोष तिचा नाही. आमच्याकडच्या हिंदी शाळेत निबंध म्हणजे प्रस्तावना, लाभ, हानी, उपसंहार. खण भरले की गुण मिळाले. आयल्ट्समध्ये ४० मिनिटांत, किमान २५० शब्दांत, तुझं म्हणणं काय आणि का, एवढंच विचारतात.

"मामा, गाड्यांबद्दल माझं काही मतच नाही."

"बरं, झेंड्यासाठी गोटे फेकायची ती गोटमार बंद व्हावी का?"

"व्हावीच! डोकी त्यांची फुटतात अन् टाके आम्ही घालतो. परंपरा म्हणता, तर झेंड्याची पूजा करा ना, गोटे कायले पाह्यजेत? प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाह्यले, तरी लोकांनी गोटेच उचलले. नुसत्या पर्यायानं भागत नाही."

घ्या! मत, कारण, समोरच्याचा मुद्दा, त्याला उत्तर, वर गावचं उदाहरण. फक्त इंग्रजीत नेणं बाकी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या गोटमारीत जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा असतं, दुसऱ्यावर सावरगाव. निबंधातही काठ धरावा लागतो. 'थोडं पटतं, थोडं नाही' म्हणायलाही मुभा आहे, पण ते आधी सांगून. पहिल्या परिच्छेदात पांढुर्ण्याचा आणि शेवटी सावरगावचा झालेला माणूस दोन्हीकडून गोटे खातो.

राहिली क्लासमध्ये पाठ करून घेतलेली भारदस्त वाक्यं. परीक्षकांनी ती इतक्यांदा वाचलेली असतात, की पाठांतर लगेच ओळखू येतं आणि गुण जातात. शिवाय गुणांचे चार सारखे वाटे आहेत: प्रश्नाचं उत्तर, मांडणीतला ओघ, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. म्हणजे जड शब्दांची सगळी मिजास एका पावात आटोपते. शब्दकोश उशाशी घेऊन निजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आणि परीक्षेला बसणाऱ्यांनो, लेखनाला तासभर असतो आणि आलेख-तक्त्यांच्या पहिल्या कामापेक्षा या निबंधाला दुप्पट वजन असतं. तेव्हा आधी निबंध लिहून काढा, आलेख-तक्ते मागाहून.