कोरडं फडकं

गाडीचा रंग धुळीने खराब होत नाही, पुसण्याने होतो. हे वाक्य आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोठ्याने म्हणायची माझी अजून हिंमत झालेली नाही. सकाळी साडेसहाला तिथे जी मंडळी जमतात त्यांच्या हातात फडकी असतात, आणि त्यातली निम्मी मंडळी सोसायटीच्या कमिटीवर आहेत.

धूळ बिचारी नुसती बसते. पुण्यात तिला बसायला निमित्तही लागत नाही. कुठे मेट्रोचं काम, कुठे जुन्या बंगल्याच्या जागी अकरा मजले, कुठे नुकताच केलेला रस्ता पुन्हा खणून ठेवलेला. या धुळीत मातीपेक्षा सिमेंट आणि दगडाची भुकटीच जास्त. तरी ती बॉनेटवर आठवडाभर पडून राहिली तर फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते तिच्यावरून कोरडं फडकं फिरायला लागलं की. कापडात अडकलेला दगडाचा कण अन् कण रंगावरून फरफटत जातो आणि मागे केसाहून कितीतरी बारीक रेघ सोडतो. सावलीत या रेघा दिसत नाहीत. भर दुपारी गाडी बाहेर काढली की बॉनेटवर जिथे सूर्य चमकतो तिथे त्याच्याभोवती वर्तुळंच वर्तुळं उमटतात. मालक म्हणतात, गाडी पुसणारा पोरगा हात गोल फिरवतो, त्याचं हे काम. खरं तर रेघा असतात आडव्यातिडव्या, सगळ्या दिशांना. त्यातल्या प्रकाशाला आडव्या आलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून वर्तुळ दिसतं. दोन पावलं बाजूला सरकून बघा, वर्तुळंही तुमच्याबरोबर सरकतात. पोराला बोल उगाच लागतो. त्याचा खरा गुन्हा वेगळाच आहे, तो एका बादलीत बारा गाड्या उरकतो. पण तो गुन्हा आपण देतो त्या पगारात बसतो, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आपण पुसतो ते नेमकं काय, हेही बघण्यासारखं आहे. कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी रसायनांच्या हौदात बुचकळतात, मग वीज सोडलेल्या रंगाच्या हौदात. गंज धरू नये म्हणून द्यायचा पहिला थर अशाने सांदीकोपऱ्यात पोचतो. त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक लेप. सगळं मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. त्यात प्रत्यक्ष रंगाच्या वाट्याला १५-२० मायक्रॉन येतात आणि वरच्या पारदर्शक लेपाच्या वाट्याला ४० च्या आसपास. शोरूममध्ये सहकुटुंब बसून आपण पांढरी की चंदेरी यावर अबोला धरेपर्यंत भांडतो, तो रंग गाडी घरी आल्यावर आपल्या हाताला एकदाही लागत नाही. जन्मभर कुरवाळतो तो त्याच्यावरचा लेप.

फियाट आणि ॲम्बेसेडरच्या काळात हा लेप नव्हता, रंगच उघडा असायचा. लाल गाडी उन्हाने गुलाबट पडायची. तिला रबिंग कंपाउंड मारलं की खालून पुन्हा लालभडक निघायची आणि फडकंही लाल व्हायचं. गाडी चमकली ती कशाच्या जिवावर, ते फडक्यावर दिसायचं. आता फडक्याला मळाशिवाय काहीच लागत नाही. लेपच पारदर्शक, मग तो निघून आला तरी दिसणार कसा?

घासण्याची ही हौस मोटारीइतकीच जुनी असावी. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ नुसती काळी निघायची. ज्यांना रंगीत गाड्या काढायच्या होत्या ते ब्रशने व्हार्निशवर व्हार्निश चढवत बसायचे आणि एकेक गाडी वाळायला आठवडे जायचे. १९२३ मध्ये ड्यूपाँट कंपनीने ड्युको नावाचं लॅकर आणलं, ते फवाऱ्याने मारायचं आणि काही तासांत वाळायचं. जनरल मोटर्सच्या १९२४ च्या ओकलँड गाड्या त्यात निळ्या होऊन आल्या. पण हे लॅकर वाळल्यावर मंद दिसायचं. चकाकी हवी तर घासा. लोकांनी घासलं आणि पुढे थांबलेच नाहीत. ते ड्युको आपल्याकडे अजून नांदतं आहे. सुतार कपाट करायला आला की विचारतो, ‘वहिनी, सनमायका लावू की ड्युको करू?’

आमच्या बी विंगमध्ये एक काका आहेत. बँकेतून निवृत्त. त्यांची चंदेरी गाडी रविवारी सारसबागेच्या गणपतीला जाते, महिन्यातून एकदा बहिणीकडे चिंचवडला जाते, बाकी पार्किंगमध्ये असते. चालवणं आठवड्यातून एकदा, पुसणं रोज. यात हसण्यासारखं आहे, पण त्यांचीही बाजू आहे. पेपर साडेसातशिवाय येत नाही, आणि सकाळच्या घाईत स्वयंपाकघरात पुरुष मध्ये आलेला काकूंना खपत नाही. चाळीस वर्षं दहाच्या ठोक्याला जिथे पोचायचं होतं तिथे आता कुणी वाट बघत नाही. अशा माणसाला दिवसाच्या सुरुवातीला काहीतरी हातासरशी पुरं झालेलं दिसावं लागतं. गाडी ते दाखवते. डावं दार झालं, उजवं राहिलं. इतका सरळ हिशेब निवृत्तीनंतर दुसऱ्या कशात मिळतो?

काकूंची तक्रार पुसण्याबद्दल नाही, फडक्यांबद्दल आहे. काकांच्या मते गाडीला जुन्या सुती साडीइतकं मऊ कापड नाही. त्यामुळे काकू नेसून बाहेर निघाल्या की ते पदराचं टोक दोन बोटांत धरून विचारतात, ‘ही आता विटली, नाही का ग?’

‘मागच्या दिवाळीची आहे!’

‘तरी पण मऊ झालीय छान.’

मुलाने सॅन होजेहून मायक्रोफायबरची फडकी पाठवली. व्हिडिओ कॉलवर शिकवणीही झाली: ‘बाबा, कोरडं अजिबात पुसायचं नाही. दोन बादल्या घ्यायच्या, एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. फडकं आधी नुसत्या पाण्यात खळबळायचं, मग शाम्पूत. टपापासून खाली यायचं. चाकांचं फडकं वेगळं.’ सगळं अगदी बरोबर होतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि फडकी घडी करून कपाटात ठेवली. इतकी चांगली फडकी गाडी पुसायला कोण काढतं!

दोन बादल्यांची अडचण वेगळीच. उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी टँकरचं, म्हणजे कुठल्यातरी बोअरचं. ते गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात, क्षारांचे. ठिपके गेले नाहीत म्हणून काका जोराने पुसतात. झाडाखाली लावावी तर मोहोराच्या दिवसांत आंब्यावरचे तुडतुडे काचेपासून डिकीपर्यंत चिकटा गाळतात. आणि कबुतरं तर काय, त्यांची शिट आम्लधर्मी. ती उन्हात तापलेल्या लेपावर वाळली की लेप तिच्याखाली आक्रसतो आणि धुतल्यावरही तिचा ठसा तसाच राहतो. ही एकच घाण मात्र दिसल्यादिसल्या काढावी, तीही ओलं कापड वर ठेवून, भिजवून, उचलून. नेमकी तीच काका नखाने खरवडतात.

देवाधर्माचंही थोडं बघावं लागतं. खंडेनवमीला बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक येतं आणि ते लगेच पुसणं अशुभ, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात मुरतं. पांढऱ्या गाड्यांवर त्याची गुलाबी सावली दिवाळीपर्यंत ओळखू येते. झेंडूचा हार दोऱ्यात ओवलेला असला तर प्रश्न नाही, पण हल्ली तो तारेत ओवतात, आणि गाडी हायवेला लागली की तारेचं टोक वाऱ्यावर ग्रिलच्या वर काय काय लिहितं ते हार काढल्यावर वाचायला मिळतं. वाचनाचं म्हणाल तर पोरंही कमी नाहीत. सी विंगमधल्या एका काळ्या गाडीच्या धुळीत कुणीतरी बोटाने ‘मला धुवा’ असं लिहिलं होतं. मालकांनी लाजून गाडी धुतली. आता ती चकचकीत असते आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिच्या डिकीवर ‘मला धुवा’ स्वच्छ वाचता येतं. काळी गाडी घ्यायची तर अशा गोष्टींची तयारी ठेवावी.

ओरखडे फार झाले की मंडळी म्हणतात, पॉलिश मारून घेऊ. इथे एक घोळ आहे. पॉलिश आणि वॅक्स ही दोन्ही कामं बहुतेकांच्या हिशेबी एकच. पॉलिशमध्ये बारीक घासणी असते. ती ओरखडा भरत नाही, ओरखड्याच्या भोवतालचा लेप तासून त्याच्या तळापर्यंत आणते. खड्डा बुजवण्याऐवजी सगळा रस्ताच खड्ड्याइतका खाली घ्यायचा, असा हा प्रकार आहे. (महापालिकेच्या कानावर ही युक्ती जाऊ नये.) टूथपेस्टने ओरखडा जातो म्हणतात तोही याच कारणाने जातो, दात घासायची भुकटी लेपही घासते. दर वेळी एक-दोन मायक्रॉन गेले, रबिंग जोरात झालं तर त्याहून जास्त. चाळीसातून किती वेळा वजा करणार? शिवाय उन्हाला अडवणारी द्रव्यं याच लेपात असतात. तो फार पातळ झाला की एखाद्या उन्हाळ्यात टपावर पांढरट चट्टे उठून पापुद्रे सुटतात. मग फक्त पेंटर.

वॅक्सचं उलटं. ते काही नेत नाही, वर बसतं. त्यातलं नावाजलेलं मेण कार्नोबा, ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं. कोरड्या हवेत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून त्या झाडाने स्वतःपुरती केलेली ही सोय. पानं कापून वाळवतात, झोडपतात, की मेणाची भुकटी झडते. ते ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणजे वैशाखातल्या बॉनेटलाही दाद देत नाही. हेच मेण औषधाच्या गोळ्यांवर आणि पोरांच्या चकचकीत चॉकलेट गोळ्यांवरही असतं. आपल्या अळूच्या पानालाही असंच मेणाचं अस्तर असतं, म्हणून तर अळवावरचं पाणी ठरत नाही.

वॅक्स लावायचं काम मला मनापासून आवडतं, आणि ते फुरसतीचंच आहे. गाडी धुतलेली, सावलीत, पत्रा गार. स्पंजवर नखाएवढं मेण घेऊन एक पॅनेल करायचं, इतकं पातळ की लावलंय की नाही अशी शंका यावी. पाच-दहा मिनिटांत त्यावर धुकं धरतं. मग एका बोटाने हलकी रेघ ओढून बघायची. ती फरपटली तर अजून थांबायचं, स्वच्छ निघाली तर मऊ कापडाने धुकं उचलायचं. बहुतेक जण उत्साहात थापतात. मग ते दाराच्या रबरात, गाडीच्या नावाच्या अक्षरांत पांढरं होऊन बसतं आणि जुना टूथब्रश घेऊन अख्खी सकाळ जाते. काकांची जाते. त्यांची ना नसते.

आणि हे टिकतं किती? दोन-तीन महिने. म्हणून आता सिरॅमिक कोटिंग आलं. विकणारा तरुण ‘नाइन एच हार्डनेस आहे सर’ असं सांगतो तेव्हा समोरच्याला हिऱ्यामाणकांची आठवण होते. ते नऊ असतं पेन्सिलींच्या मोजपट्टीवरचं. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली लेपावर दाबून ढकलतात आणि कुठली ओरखडा काढते ते बघतात. नाइन एच म्हणजे त्यातली सगळ्यात कडक पेन्सिल. पेन्सिलीपासून गाडी वाचते हे खरंच. पण आमच्या पार्किंगमध्ये पेन्सिल घेऊन येणारं कुणी नाही, येतात ते वाळूचे कण. कोटिंगवर पाणी छान घरंगळतं, धुणं सोपं होतं, यात खोट नाही. कोरडं फडकं फिरवायची मुभा मात्र त्यातही नाही.

गेल्या वर्षी काकांनी गाडी विकायला काढली. गुडघे क्लच दाबेनात, आणि मुलाने ऑटोमॅटिक घ्यायला लावली. जुन्या गाड्या घेणाऱ्या कंपनीचा एक मुलगा तपासायला आला. काकांनी त्या दिवशी पहाटे पाचला उठून गाडी धुतली होती, आणि कपाटातली मायक्रोफायबरची फडकी पहिल्यांदाच बाहेर निघाली होती. मुलाने खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढलं आणि ते एकेका पत्र्यावर टेकवून आकडे मोबाइलमध्ये टाकायला लागला. रंगाची जाडी मोजतात त्याने. आकडा दोनशे-तीनशेच्या घरात गेला तर तिथे पुन्हा रंग मारलाय, त्याहून फार वर गेला तर खाली लांबी भरली आहे असं समजायचं. टपावर ११८ आला. दारांवर ११० च्या आसपास. बॉनेटवर १०१.

‘कमी कसा?’ काकांनी विचारलं.

‘एवढा फरक कंपनीतूनच असतो काका,’ तो म्हणाला. असतोही. पण टपापर्यंत काकांचा हात पोचत नाही, हे त्याला कुठून माहीत असणार.

व्यवहार ठरला. किंमत साल आणि किलोमीटर यांवर निघाली. रंगाच्या रकान्यात ‘ओरिजिनल’ एवढाच शेरा पडला, आणि तोच शेरा शेजारच्या डॉक्टरांच्या गाडीलाही मिळाला असता, जी जोरदार पाऊस आला तरच धुतली जाते. ड्रायव्हर किल्ली घेऊन बसला तशी काकांना मागच्या काचेखाली पाण्याचा ओघळ दिसला. ‘थांब रे बाबा, एवढं पुसून देतो,’ म्हणत ते पुढे झाले.

‘राहू द्या काका,’ तो मुलगा म्हणाला, ‘यार्डात नेल्यावर सगळ्या गाड्यांना पहिलं रबिंगच मारतो आम्ही.’