‘आम्ही’ म्हणजे नेमकं कोण, भाऊ?

भाच्याला चार्टर्ड सर्व्हेअर व्हायचंय. आमच्या घरात सर्व्हेअर म्हटलं की भूमी अभिलेखचा माणूस, साखळी आणि बांधावरचं भांडण एवढंच डोळ्यांपुढे येतं. हा तो सर्व्हेअर नव्हे. लंडनमध्ये 1868 साली निघालेली ‘रिक्स’ नावाची संस्था आहे. बांधकामाची मोजमापं, खर्च, जमिनीचं मूल्य हे सगळं पाहणाऱ्यांना ती सनद देते. सनद असली की दुबईत भाव वाढतो, असं भाचा म्हणतो. त्यासाठी अनुभवाचा तपशील द्यायचा, केलेल्या एका कामाची हकीकत तीन हजार शब्दांत लिहायची आणि मग तासभर परीक्षकांपुढे बसायचं.

नागपूरच्या माणसाला तासभर बोलायला लावणं ही परीक्षा कशी, ते मला कळलं नाही. गाडी अडली ती लिहिण्यात. तपासायला मसुदा माझ्याकडे आला. इंग्रजी माझं बरं आहे, असा बहिणीचा जुना गैरसमज.

पहिली दोन पानं पुलाची. लांबी, खांब, रुंदी, रहदारी, खर्च. (कुठला पूल ते सांगत नाही. नागपुरात पुलांची टंचाई नाही, आपापल्या घराजवळचा समजा.) मुलगी पाहायला गेलेल्या नवरदेवाने स्वतःबद्दल चकार शब्द न काढता गावाचं गॅझेटिअर वाचून दाखवावं, तसला प्रकार. मध्येच दोनदा ‘अबुधाबी’ आलं. म्हटलं, हे कुठून? तर कुणा सीनियरचा पास झालेला मसुदा व्हॉट्सॲपवर फिरत होता, त्यातलं राहून गेलं. गाव बदलायला विसरला, इतकंच त्याचं म्हणणं!

पण खरी गंमत पुढे होती. ‘आम्ही’ मोजले, तर एक्केचाळीस भरले. ‘आम्ही कंत्राटदाराच्या मागणीचे परीक्षण केले. आम्ही योग्य निर्णय घेतला.’

“काहून रे, हे आम्ही म्हणजे कोण?”

“आम्ही म्हणजे… टीम, मामा.”

“सनद टीमला पाहिजे का तुले?”

“मले.”

“मंग तू काय केलं?”

बराच वेळ पंख्याचा आवाज. मग हळूहळू निघालं. कंत्राटदाराने पायाची पूर्ण तीन मीटर खोदाई कठीण खडकातली म्हणून चालू कामाच्या (आरए) बिलात लावली होती. याला शंका आली. भर मे महिन्यात टेप आणि लेव्हल घेऊन हा खड्ड्यात उतरला. वरची सव्वा मीटर काळी माती आणि मुरूम, खडक त्याच्या खाली. फोटो काढले, मोजमाप पुस्तकातल्या (एमबी) नोंदी ताडून पाहिल्या, दोन वेगळ्या दरांनी हिशोब मांडला आणि साहेबाला सांगितलं की पूर्ण बिल देऊ नका, का देऊ नका ते हे असं. यातलं एक अक्षर मसुद्यात नव्हतं!

“हे काहून नाही लिहिलं?”

“आपणच आपली पाठ कशी थोपटायची, मामा?”

घ्या. आपल्याकडे लहानपणी ‘मी, मी’ करणाऱ्याला टपली बसते आणि मोठेपणी फाइलीत ‘करण्यात आले’ लिहायला शिकवतात. रस्ता खोदण्यात येतो, बुजवण्यात येतो, पुन्हा खोदण्यात येतो. कोण खोदतो, ते देवाला ठाऊक. परीक्षकाला नेमकं तेच हवं असतं. विषय माहीत आहे ही पहिली पायरी, स्वतः केलं ही दुसरी, आणि कारण देऊन सल्ला दिला ही तिसरी. पोरगा खड्ड्यात उतरून तिसरीवर चढला होता आणि कागदावर पहिलीवरच बसून होता.

नाव न लिहिण्याचा आपला इतिहास जुना आहे. एव्हरेस्टची उंची राधानाथ सिकदारांनी गणित करून काढली. सर्वेक्षणाच्या सरकारी पुस्तकात त्यांच्या कामाचा उल्लेख होता, 1875 च्या आवृत्तीतून तो गळाला. निदान तिथे गाळणारे दुसरे होते. आमचा भाचा स्वतःच गाळतोय.

याच्या उलट टोकाचेही असतात, ‘पूल मी बांधला’ म्हणणारे. ते पहिल्या प्रश्नाला आडवे होतात. ऐकीव गोष्टी लिहिणाऱ्यांचंही तेच. नागपुरातला झिरो माइल हा देशाचा मध्यबिंदू, असं आपण पाहुण्यांना छातीठोक सांगतो. तिथला 1907 चा दगड म्हणजे जीटीएसचा, म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा बेंचमार्क, समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणारा. पाहुणे मान डोलावतात. परीक्षक विचारतो, तुम्हाला हे कसं कळलं?

परीक्षकांपुढे नीतीच्या प्रश्नावर घसरलात तर बाकीचं कितीही छान असो, सनद हुकते. म्हणून मी सहज विचारलं, दिवाळीत कंत्राटदाराकडून सुकामेव्याचा डबा आला तर? भाचा म्हणाला, “परत पाठवीन.” आणि आईकडे पाहिलं. बहीण तडक स्वयंपाकघरात निघून गेली. या प्रश्नाची तयारी अजून बाकी आहे, असं मी समासात लिहून ठेवलं.

परवा नवा मसुदा आला. अबुधाबी गेलं, एक्केचाळीसपैकी छत्तीस ‘आम्ही’ गेले, खड्डा आला, सव्वा मीटर माती आली. शब्द मात्र तीन हजार दोनशे चौदा झाले. वरचे दोनशे चौदा कापायचं काम माझ्याकडे आलंय. पुलाच्या लांबी-रुंदीपासून सुरुवात केली आहे.